यंत्र कोणाचं?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. इतक्या बारीक पातळीवर वस्तू घडवायची, ते नॅनो तंत्रज्ञान.

२००९ साली टाटा स्वच्छ नावाचं पाण्याचं फिल्टर आलं. त्यात भाताच्या तुसाची राख, तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण. चांदी थोडीच लागते, वीज नको, म्हणून तेव्हा किंमत हजाराच्या आत होती.

एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये याहून मोठी कल्पना मांडली: अणूला अणू जोडून हवी ती वस्तू करणारी यंत्रं. मग माल मुबलक आणि स्वस्त. तशी यंत्रं अजून झालेली नाहीत.

पण मुबलक झालं म्हणजे आपल्या घरी आलं, असं नाही. शेवयांचं यंत्र आठवा. आपले हात दुखायचे थांबले. पण हाताच्या शेवया विकणारीचं काम गेलं, कमाई यंत्रवाल्याची झाली. तेच यंत्र गटाने घेतलं, तर कमाई गटात राहते.

म्हणून नवं यंत्र आलं की आपण दोन गोष्टी विचारू: मालक कोण? आणि जिचं काम जाईल, तिचं काय? येत्या बैठकीत यावर बोलू या.