प्रकाशाचे तांबडे खापर, स्पेनची सोनेरी थाळी

तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा दक्षिण काशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. शहादा तालुक्यातल्या याच गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात, १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, हे मात्र इथल्या केदारेश्वर मंदिरात दर्शनाला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. तिथे एकावर एक चार कालखंडांचे थर सापडले. सर्वांत खालच्या, ताम्रपाषाणयुगातल्या थरात माळवा आणि जोर्वे पद्धतीच्या खापरांबरोबर चमकदार तांबड्या भांड्यांचे तुकडेही निघाले. त्या तुकड्यांविषयी आजही बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज चकाकीचा. काळ तांब्याचा, तेव्हा भांड्यावर तांब्याचा मुलामा दिला असणार, असे अनेकांना वाटते. मुलामा नाही आणि काचेसारखी झिलईही नाही. कुंभाराने अर्धवट वाळलेल्या भांड्यावर बारीक तांबड्या मातीचा लेप दिला आणि तो गुळगुळीत गोट्याने घोटला. घोटल्यामुळे मातीचे कण आडवे बसतात आणि उजेड परतवतात. तुकडा उन्हात तिरपा धरला की पृष्ठभाग चमकतो. मोडलेली कड पाहिली तर वर काचेचा थर कुठेच नसतो. तांबडा रंग मातीतल्या लोहाचा, मोकळ्या हवेत भाजल्याने उजळलेला.

चकाकी खरोखर धातूच्या संयुगांची असते, ती संग्रहालयात मांडलेल्या मध्ययुगीन स्पॅनिश थाळ्यांची; त्यांची गोष्ट अगदी वेगळी. व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेस गावात मुस्लिम परंपरेतले कुंभार आधी भांडे भाजत, मग कथलाची पांढरी झिलई चढवून पुन्हा भाजत. तिसऱ्या खेपेला चांदी आणि तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढून धुराच्या, मंद आचेच्या भट्टीत ठेवत. ही विद्या नवव्या शतकातल्या इराकमधून आलेली. थाळी सोन्यासारखी दिसते, पण तिच्यात सोने नसते.

मालकीचा मागही दोन्हीकडे निराळ्या वाटेने लागतो. स्पॅनिश थाळीच्या मधोमध बहुधा घराण्याचे मानचिन्ह असते. इटलीतल्या मेदिची घराण्याच्या चिन्हाचा मानिसेसचा एक फुलदाणीसारखा कुंभ पुढे इंग्रज संग्राहक गॉडमन यांच्याकडे गेला आणि १९८३ मध्ये त्यांच्या मुलीच्या मृत्युपत्रानुसार ब्रिटिश म्युझियममध्ये आला. चिन्ह मालकाचे नाव सांगते.

प्रकाशाच्या खापरावर असे काहीच नाही. त्याची ओळख म्हणजे तो सापडलेला थर. अशीच भांडी सौराष्ट्रातल्या रंगपूरला मिळाली आहेत. म्हणूनच तापीकाठच्या या गावाचा गुजरातशी संबंध होता, असे म्हणता येते. नांगराने वर आलेला किंवा धाब्यासाठी पांढरी माती खणताना उचललेला तुकडा घरी नेला, की तो कुठल्या थरातला, कशाशेजारचा, हे कायमचे पुसले जाते. याची मनापासून हळहळ वाटते.

“शेतात सापडले, म्हणजे शेतमालकाचे” हा शेवटचा आणि सर्वांत पक्का गैरसमज. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुरावशेष मानतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेऊ देत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली जुनी वस्तू बाळगणे मात्र गुन्हा नाही. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी तेवढी करावी लागते. पांढरीत खापर दिसलेच, तर ते हलवू नये, जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि तहसीलदार किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.