नांगर थांबवला तर जमिनीत कार्बन खरंच वाढतो का?

आजच्या भागाला निमित्त आहे एक करारपत्र. मे महिन्यात लातूरकडे घरी गेलो, तर बाबांनी ते माझ्यापुढे ठेवलं. नांगरट बंद करा, जमिनीत कार्बन साठेल, त्याची क्रेडिट्स विकून तुम्हाला पैसे देऊ, असा मजकूर. मुदत दहा वर्षं. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? वाच आणि सांग, सही करू का?"

मी कोड लिहितो, मातीतलं मला शून्य कळतं. पण हो-नाही सांगणं भाग होतं, म्हणून आठवडाभर वाचत बसलो.

आधी मूळ कल्पना. मातीच्या बारीक ढेकळांच्या आत कुजलेला पालापाचोळा, मुळांचे तुकडे अडकून बसलेले असतात. हाच माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सेंद्रिय कर्ब'. नांगर किंवा रोटावेटर फिरला की ढेकळं फुटतात, आत हवा शिरते, जिवाणू तो माल खातात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन तो उडून जातो. म्हणजे नांगर थांबवला की कर्ब वाचला. एवढं पटतं.

गडबड मोजण्यात आहे. नांगरट केली की वरचं धसकट वीसेक सेंटिमीटर खाली गाडलं जातं. नांगरट नाही केली तर ते वरच कुजतं. मग वरचा थर मोजला तर कर्ब वाढलेला दिसणारच! २०१० मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जमिनींच्या ६९ जोड्या एकत्र तपासल्या. वरच्या १० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी ३ टनांच्या आसपास कर्ब वाढला होता, आणि २० ते ४० सेंटिमीटरच्या थरात जवळपास तेवढाच कमी झाला होता. फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली म्हणून फोनचं स्टोरेज वाढत नाही, तसंच. एक अपवाद मात्र होता: वर्षाला दोन पिकं घेतात तिथे एकूण कर्बही वाढला. आमच्याकडे खरिपात सोयाबीन, ओल राहिली तर रब्बीत हरभरा. म्हणजे आम्ही अर्धेमुर्धे त्या अपवादात बसतो.

दुसरी मेख मला स्वतः एक्सेलमध्ये आकडे टाकल्यावर कळली. समजा एक हेक्टर, ३० सेंटिमीटर खोली, मातीची घनता १.२, कर्ब अर्धा टक्का. कर्ब भरतो १८ टन. आता नांगर नाही म्हणून माती थोडी दाबून बसली, घनता १.३ झाली, टक्का तोच. त्याच खोलीपर्यंत मोजलं तर १९.५ टन! दीड टन कर्ब म्हणजे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड, आणि एका टनाला एक क्रेडिट. म्हणजे काहीच साठलेलं नसताना साडेपाच क्रेडिट्स. म्हणून मोजताना सारखी खोली नाही, सारख्या वजनाची माती धरावी लागते. करारात लिहिलं होतं, 'वरच्या थराचा नमुना'. बास.

बाबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न, "उतारा किती पडेल?"

याला जरा बरं उत्तर आहे. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये पिटेलको आणि सहकाऱ्यांनी ६१० अभ्यास एकत्र केले. ६३ देश, ४८ पिकं. नांगरट बंद केल्यावर उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी घटलं. पण कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात, जिथे काड रानातच ठेवलं आणि पीक फेरपालट केली, तिथे ते ७.३ टक्क्यांनी वाढलं. कारण सरळ आहे: वर काडाचं आच्छादन असलं की ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते, आणि पावसाने ताण दिला की तीच ओल कामाला येते.

बाबांना परदेशी पेपर पटत नाहीत, म्हणून नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं उदाहरण दिलं. त्यांच्या सगुणा पद्धतीत भाताचे गादीवाफे एकदाच करतात, पुढे नांगरट नाही, चिखलणी नाही, मुळं जमिनीतच राहू देतात. तण मात्र तणनाशकाने मारावं लागतं. बाबा म्हणाले, "ते कोकण. पाऊस बघ तिथला." बरोबरच आहे त्यांचं.

मग खरी अडचण बाहेर आली. आमचं सोयाबीनचं भुसकट गोठ्यात जातं. दोन म्हशी आहेत. रानात काड ठेवायचं तर त्यांना काय घालायचं? आणि काड न ठेवता नुसता नांगर थांबवला, तर त्या ७.३ टक्क्यांवर आपला हक्कच राहत नाही. याच अभ्यासात सगळ्यात जास्त घट, ९.९ टक्के, नुसती नांगरट बंद करून बाकी काही न बदलणाऱ्यांच्या वाट्याला आली होती. करारात काडाबद्दल एक ओळ नव्हती.

सही केली नाही. विहिरीकडच्या एका एकरात यंदा नांगर घातला नाही. तिथलं भुसकट रानातच पसरायचं, बाकीच्या रानातलं म्हशींना. पेरणीआधी ४० सेंटिमीटरपर्यंत चार थरांचे नमुने काढले, घनतेसाठी लोखंडी नळी ठोकून. ती ठोकताना माझ्या हाताला फोड आले आणि बाबा बांधावर बसून हसत होते. आता पाच वर्षांनी त्याच जागी परत नळी ठोकायची आहे.