भिवापुरी मिरची : मानांकन नावाचे, जबाबदारी बियाण्याची

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर परिसराच्या नावाने ओळखली जाणारी भिवापुरी मिरची गडद लाल रंग आणि तिखटपणा यांसाठी विदर्भात प्रसिद्ध आहे. २०१६-१७ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि अधिक उत्पादन देणारे संकरित वाण आणि चुरडा-मुरडा रोग यांमुळे तिचे क्षेत्र घटत गेले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. वाणाची शुद्धता मात्र बियाण्यावरच अवलंबून असते. हे बियाणे राखताना कीटकांची दोन रूपे ध्यानात घ्यावी लागतात.

परागवाहक कीटक

मिरचीच्या फुलात स्वपरागीकरण होते, म्हणून घरचे बियाणे आपोआप शुद्ध राहते, असा समज आहे. प्रत्यक्षात मधमाश्या शेजारच्या संकरित मिरचीचे पराग सहज वाहून आणतात. अशा फुलापासून धरलेले फळ मातृझाडाच्या इतर फळांसारखेच दिसते. भेसळ उघड होते ती पुढील हंगामातील झाडांवर. म्हणूनच मिरचीच्या पायाभूत बीजोत्पादनासाठी ४०० मीटर, तर प्रमाणित बीजोत्पादनासाठी २०० मीटर विलगीकरण अंतर विहित आहे. लहान क्षेत्रात हे शक्य नसल्यास वाणाची लक्षणे दाखवणारी निरोगी झाडे निवडावीत. त्यांवरील उमललेली फुले व धरलेली फळे काढून झाडांवर बारीक जाळीचे आच्छादन घालावे आणि आत धरलेल्या फळांचेच बी ठेवावे. एक-दोन झाडांवर विसंबू नये. अनेक झाडांचे बी एकत्र केल्यास वाणातील विविधता टिकते.

रोगवाहक व रसशोषक कीटक

पाने वळलेली दिसताच फवारणी करण्यापूर्वी कारण ओळखावे. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळ्यांमुळे त्या खाली वळतात. पाने लहान राहून झाड खुजे व झुडपासारखे झाल्यास पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूची शक्यता असते. कोळी हा कीटक नसल्याने अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. रोपवाटिका ४० ते ५० मेश जाळीखाली ठेवावी, कडेने मक्याच्या ओळी लावाव्यात, पिवळे व निळे चिकट सापळे वापरावेत आणि रोगग्रस्त झाडे लवकर उपटून नष्ट करावीत. फुलोऱ्यात फवारणी अपरिहार्य असल्यास ती सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी.

स्वयंपाकघरातील उपयोग

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या घटकामुळे येतो. तो बियांत नव्हे, तर बिया ज्यावर असतात त्या पांढऱ्या गाभ्यात प्रामुख्याने असतो. कॅप्सेसिन आणि मिरचीचे लाल रंगद्रव्य हे दोन्ही तेलात विरघळतात. वऱ्हाडी रश्श्यावरची लाल तर्री ही त्याचीच खूण. तिखट कडकडीत तेलात टाकल्यास करपून काळे पडते. म्हणून आच मंद करून ते घालावे आणि लगेच वाटण किंवा पाणी मिसळावे. जेवताना तिखट लागल्यास पाण्यापेक्षा दूध वा ताक अधिक उपयोगी ठरते, कारण दुधातील प्रथिने कॅप्सेसिनला बांधून ठेवतात.

वर्षभराचे तिखट करताना अख्खी भिवापुरी मिरची उत्पादकाकडून मागून घेणारे ग्राहक वाढले, तर कमी उत्पादनाची भरपाई दरातून होऊ शकेल. त्या मागणीला उतरेल अशी अस्सल मिरची देता यावी, यासाठी जाळीखालची ती थोडी झाडे दर हंगामात राखणे आवश्यक आहे.