टेम्पोचा पिवळा दिवा लागला तर?

नाखवा मंडळी, सुरतेच्या बाजारात मावरं नेणारे आपले टेम्पो जुने झालेत. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपण बॅटरीची वायर काढून परत लावतो. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो! क्रेटमधलं खारं पाणी गळून सेन्सरच्या सॉकेटला गंज चढतो, आधी तेच बघा. रोज गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठा, स्कॅनर लावून घ्या. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. बीएस-6 डिझेल गाडीत सायलेन्सरमधली काजळीची जाळी भरल्याचा दिवा लागला, तर महामार्गावर 15-20 मिनिटं एकसारख्या वेगात चालवा. जाळी कापून काढू नका. धूर वाढून गाडी पीयूसीत अडकेल. पीयूसी नसेल तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि वाटेत बर्फ वितळला तर मावरंही गेलं!