जुनी कोरियन मोटार घेतांना

मोटार ही केवळ श्रीमंतांच्या चैनीची वस्तु राहिलेली नाहीं, हें आतां कोणास पटवून द्यावयास नको. वृद्ध माणसांस इस्पितळांत न्यावयाचें असो, मुलांस परीक्षेस पोंचवावयाचें असो, किंवा सारें बिऱ्हाड घेऊन कुलदैवताच्या दर्शनास जावयाचें असो, दारांत मोटार असली म्हणजे पुष्कळ अडचणी टळतात. परंतु नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नसते. म्हणून मध्यम स्थितीच्या कुटुंबांची दृष्टि वापरलेल्या गाडीकडे वळते. आपल्या बाजारांत अशा गाड्यांमध्यें कोरियन गाड्यांचा भरणा मोठा आहे, आणि येथेंच घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "कोरियन गाडी दिसावयास देखणी, पण टिकावयाची नाहीं." दुसरा म्हणतो, "शेजारच्यांची बारा वर्षें बिनतक्रार चालली आहे. आणखी काय पाहिजे?" आमच्या मतें दोघांचीही विचार करण्याची रीत सदोष आहे, आणि घरची पुंजी व घरच्या माणसांचे जीव या दोहोंचा प्रश्न असल्यामुळें ती सुधारून घेणें अगत्याचें आहे.

पहिल्या पक्षाचें मत कोठून आलें तें पाहूं. ह्युंदाई मोटार कंपनी १९६७ सालीं स्थापन झाली. १९७५ सालीं तिनें 'पोनी' ही गाडी काढली, तेव्हां बाह्य आकृति इटालियन कारागिराची आणि इंजिन जपानी मित्सुबिशीचें होतें. १९८६ सालीं 'एक्सेल' ही स्वस्त गाडी अमेरिकेंत गेली आणि पहिल्याच वर्षीं १,६८,००० हून अधिक खपली. परंतु थोड्याच वर्षांत ती खिळखिळी होऊं लागली व कोरियन गाडी म्हणजे तकलादू गाडी अशी अपकीर्ति पसरली. ती धुऊन काढण्यासाठीं कंपनीनें १९९९ च्या गाड्यांपासून अमेरिकेंत इंजिन व गतियंत्रणा यांवर १० वर्षें किंवा १,००,००० मैलांची हमी दिली. तिच्यामुळें लोकांचा विश्वास परत आला खरा. पण तींत एक मेख होती. ही लांब मुदत पहिल्या मालकापुरतीच होती. सामान्यतः दुसऱ्या मालकाच्या वांट्यास ५ वर्षें किंवा ६०,००० मैल एवढेंच येई. म्हणजे जुनी गाडी घेणारानें हमीच्या जाहिरातीवर न भुलतां हमीपत्रांतील अटी स्वतः वाचल्या पाहिजेत.

दुसऱ्या पक्षाच्या पुराव्यांतही असाच दोष आहे. शेजाऱ्यांची गाडी चालली, हें खरें. पण जी बंद पडून भंगारांत गेली ती कोणास रस्त्यावर दिसणार? रस्त्यांवरील जुन्या गाड्या पाहून सारें पीकच चांगलें होतें असें मानणें म्हणजे निवडलेल्या दाण्यांवरून शेताची परीक्षा करणें होय. उलटपक्षीं, एखाद्या गाडीविषयीं पुष्कळ तक्रारी कानीं आल्या म्हणजे तीच वाईट, असेंही नाहीं. जी गाडी लाखोंनीं खपते तिच्या तक्रारी सहजच अधिक ऐकूं येतात. तक्रारींची संख्या खपाच्या प्रमाणांत पाहावी, आणि तक्रार काचेच्या बटणाची आहे कीं इंजिनाची, हेंही पाहावें.

मग पाहावयाचें तें काय? आपण स्थळ पाहतांना घराण्याचें नांव विचारतों, पण शेवटीं मुलगी द्यावयाची ती मुलालाच, घराण्याला नव्हे. मोटारीचेंही तसेंच आहे. कंपनीचें नांव हें घराणें. प्रत्यक्ष संसार करावयाचा तो विशिष्ट इंजिनाशीं.

याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें. 'थीटा दोन' नांवाचें इंजिन ह्युंदाई आणि किया या दोन्ही कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांत बसविलेलें होतें. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, कोरून काढतांना त्याच्या तेलाच्या वाटांत धातूचे बारीक कण राहून गेले. ते तेलाबरोबर वाहत जाऊन जोडदांड्यांच्या बेअरिंगांस तेलाचा पुरवठा अपुरा करीत. बेअरिंगें झिजत, आंतून ठोके ऐकूं येत, आणि एखादे वेळीं भर रस्त्यांत इंजिन जाम होई. सप्टेंबर २०१५ मध्यें अलाबामा येथील कारखान्यांत तयार झालेल्या इंजिनांच्या सुमारें ४,७०,००० सोनाटा गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावाव्या लागल्या. २०१७ सालीं दोन्ही कंपन्यांच्या मिळून आणखी सुमारें १२ लाख. ही माहिती अमेरिकन सरकारास २०१६ सालीं देणाऱ्या किम ग्वांग-हो या कंपनींतीलच अभियंत्यास २०२१ सालीं २ कोटि ४० लाख डॉलरांहून अधिक बक्षीस मिळालें. आतां ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, हें इंजिन आपल्याकडील सँट्रो किंवा आय-टेन यांसारख्या लहान गाड्यांत नव्हतेंच. तेव्हां त्या दोषावरून या गाड्यांस नांवें ठेवणें हा अन्याय. आणि सँट्रोच्या कीर्तीवर विसंबून जुनी सोनाटा घेणें हा अविचार.

एकाच नांवाच्या गाडींतही असा भेद आढळतो. सँट्रो आपल्याकडे १९९८ सालीं आली. तिच्या इंजिनांतील झडपा रबरी दांतेरी पट्ट्यानें चालतात. २००७ च्या आय-टेनमधील १.१ लिटरचें इंजिनही पट्ट्याचेंच. पण २००८ सालीं त्याच गाडींत १.२ लिटरचें 'कप्पा' इंजिन आलें, त्यांत पोलादी सांखळी आहे. पट्टा ठरल्या मुदतींत बदलावा लागतो. तो चालतांना तुटला तर झडपा व पिस्टन यांची टक्कर होऊन मोठा खर्च उभा राहण्याचा संभव असतो. म्हणून पट्ट्याची गाडी घेतांना तो केव्हां बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललेला नाहीं असेंच समजावें.

गाडी चांगली असून कंपनीच उरली नाहीं, तर काय होतें? देवू कंपनीची 'मॅटिझ' १९९८ सालीं आपल्याकडे आली. गाडी लहान, सुबक व काटक. परंतु २००० सालीं कोरियांतील मूळ कंपनीचें दिवाळें निघालें आणि येथील मालक पोरके झाले. तिचाच पुढील अवतार 'स्पार्क' या नांवानें २००७ सालीं अमेरिकन जनरल मोटर्सनें आणला. त्या कंपनीनेंही २०१७ अखेर आपल्या देशांतील विक्री थांबविली. पुण्याजवळील तळेगांवचा तिचा कारखाना घेण्याचा करार २०२३ सालीं ह्युंदाईनें केला, हा काळाचा महिमा! सुटे भाग पुढील दहा वर्षें मिळतील कीं नाहीं, हाही टिकाऊपणाचाच एक भाग आहे.

आतां प्रत्यक्ष परीक्षेचें सांगतों. गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहावी. विकणारानें आधींच तें तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें, कारण झिजलेल्या इंजिनाचे कांहीं आवाज थंडपणींच स्पष्ट ऐकूं येतात. तेल मोजावयाची पट्टी बाहेर काढून पाहावी, आणि तेल ओतण्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस काळा चिखल सांचला आहे काय, तें पाहावें. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. मैलदर्शकाच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. पायाखालील ब्रेकचें रबर, सुकाणूचें चाक आणि चालकाची बैठक यांची झीज अधिक खरें बोलते. नोंदणीपत्रावरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा, आणि तोच अधिकृत विक्रेत्यास देऊन परत बोलावण्याचें कांहीं काम राहून गेलें आहे काय, याची विचारणा करावी.

अलीकडच्या गाड्यांस आणखी दोन प्रश्न विचारावेत. १ एप्रिल २०२० पासूनच्या नियमांप्रमाणें आलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास मधून मधून लांबचा प्रवास लागतो. ज्या घरची गाडी केवळ शाळा व मंडई एवढ्याच खेपा करणार, त्यांनीं डिझेलच्या मोहांत पडूं नये. तसेंच कोरड्या दुहेरी क्लचची स्वयंचलित गाडी घाटांत किंवा गर्दीत रेंगाळत चालविली म्हणजे तापते. ती पूर्वी कोणत्या शहरांत व कशी चालली, हें विचारावें.

हें सर्व पाहण्यास आपला डोळा पुरणार नाहीं. तेव्हां विकणाराच्या ओळखीचा नव्हे, तर आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्यावा व त्याची मेहनत पदरीं टाकावी. शिवाय जवळची सारी रक्कम किंमतींतच न घालतां कांहीं भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूला ठेवावा. कोरियन गाडी टिकते कीं नाहीं, या वादाचें उत्तर देशाच्या नांवांत नाहीं. तें त्या एका इंजिनाच्या इतिहासांत आणि मागील मालकाच्या जपणुकींत आहे. ज्या गाडींत आई-वडील व लेंकरें बसावयाचीं, तिच्यासाठीं एक सकाळ व चार पावत्या तपासण्याचे कष्ट कोणत्याही कुटुंबास जड वाटूं नयेत.