तीन हजार हात, एकच सूर

चीनमध्ये संसद आहे, राज्यघटना आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व मान्य करणारे आणखी आठ पक्षही आहेत! सत्ता कुणाच्या हातात आहे हे जग जाणतं. खरी गंमत आहे ती तपशिलात.

वर्षातून एकदा
नॅशनल पीपल्स काँग्रेस ही जगातली सर्वांत मोठी संसद. सदस्य सुमारे तीन हजार. एवढा गोतावळा भरतो वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात, तोही आठवडा-दोन आठवडे. एरवी कारभार पावणेदोनशेच्या आसपास सदस्यांची स्थायी समिती पाहते.

दोघांची कुरकुर
राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा 2018 मध्ये उठली. बाजूने 2,958 मतं, विरोधात 2, तटस्थ 3. शी जिनपिंग 2023 मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले, तेव्हा तेवढीही कुरकुर उरली नाही. 2,952 विरुद्ध शून्य!

आणि माशी शिंकली
1992 मध्ये थ्री गॉर्जेस धरणाचा प्रस्ताव आला. मंजूर झाला खरा, पण 177 जणांनी विरोध केला, 664 तटस्थ राहिले. 1999 मध्ये तर नवलच घडलं. महामार्ग कायद्यातल्या दुरुस्तीला स्थायी समितीत 78 मतं हवी होती, पडली 77. एका मताने सरकारचा प्रस्ताव आपटला. काही महिन्यांनी तो मंजूर झाला, ही गोष्ट वेगळी.

पाट्या दोन, माणसं तीच
चीनचं सैन्य पक्षाच्या हुकमात चालतं. केंद्रीय लष्करी आयोग कागदोपत्री दोन आहेत, एक पक्षाचा आणि एक देशाचा. सदस्य मात्र सहसा तेच.

घटनेचा अर्थ कोण लावणार?
न्यायाधीश नव्हे, संसदेची स्थायी समिती. एका मुलीचं नाव वापरून दुसरीनेच तिचा शाळाप्रवेश लाटला होता. त्या प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेतल्या शिक्षणहक्काचा आधार घेतला. कायदेपंडित हरखले. 2008 मध्ये न्यायालयाने तो अभिप्रायच गुंडाळून ठेवला.

सरकारला कोर्टात खेचा!
1990 पासून एका कायद्यामुळे चिनी नागरिक सरकारी कार्यालयांवर दावा लावू शकतात. सरपंचाने नवऱ्याला लाथ घातली म्हणून न्यायासाठी पायपीट करणारी गरोदर शेतकरीण झांग यिमोव यांच्या 1992 च्या ‘द स्टोरी ऑफ चिउ जू’ या सिनेमात भेटते. भूमिका गाँग ली यांची. मात्र या कायद्याखाली दावा लागतो तो सरकारी खात्यावर, पक्षाच्या समितीवर नाही.

रागात निर्णय नको
2021 मध्ये लागू झालेल्या नागरी संहितेत तब्बल 1,260 कलमं आहेत. घर, करार, वारसा, लग्न, सगळं त्यात आलं. परस्परसंमतीने घटस्फोट हवा असेल तर अर्जानंतर 30 दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणा एकाचं मन बदललं, तर अर्ज मागे घेता येतो.

थोडक्यात काय, तर घरादाराच्या भांडणांत चीनचा कायदा भरपूर राबतो, पक्षाच्या सत्तेचा प्रश्न आला की बाजूला होतो. 2018 पासून पक्षाचं नेतृत्व घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. त्यामुळे चीनच्या बातमीत एखाद्या प्रांताचा गव्हर्नर भेटला, तर त्याला दोन नंबरचा समजा. एक नंबरचा माणूस म्हणजे त्या प्रांताचा पक्षसचिव!