नवसाचा शमुवेल

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते आत्या, ठरवतात थोरले. बाळंतिणीला कोण विचारतं?

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांच्यात पूर्वी समाजी, हसाजी अशी नावं असत. अगदी आपल्या संभाजी-तानाजीसारखी! मूळ हिब्रू नावं शमुवेल आणि यहेज्केल. यहेज्केल म्हणजे देव बळ देतो.

शमुवेलची गोष्ट आम्हाला जास्त भावली. हन्नाला मूल नव्हतं, सवत टोचून बोलायची. तिनं नवस केला. मुलगा झाला, तेव्हा देवाकडे मागितलेला म्हणून शमुवेल हे नाव तिनंच ठेवलं. आपल्याकडे नवसू म्हणतात तसंच.

जुन्नर-आंबेगावातल्या आमच्या गटांनी आता ठरवलंय, बारशाला गेलो की आधी बाळंतिणीला विचारायचं, तुझ्या मनात कोणतं नाव आहे?